कुऱ्हाडीतला ऱ्ह आणि सामायिक कपाट

शनिवारची सकाळ, चहाचा दुसरा कप. ह्या आठवड्यात ऑफिसात एक छोटासा प्रसंग झाला. तो काही डोक्यातून जाईना, म्हणून ह्या वीकांताला त्यावरच लिहितोय. ज्यांचा सॉफ्टवेअरशी संबंध नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही. विषय शेवटी एका कपाटाचा आहे, आणि सामायिक कपाटं सगळ्यांच्याच घरी असतात.

तर झालं असं की आमच्या टीममधल्या नव्या पोराने (कॉलेजातून निघून चार महिने झालेत) स्टँडअपमध्ये विचारलं, "सर, दोन नावं एकाच माणसाची आहेत का हे तपासणारं फंक्शन आपल्याकडे आधीच असेल ना? कुठे बघू?" सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, "अरे शोधत काय बसतोस, लिहून टाक. लवकर होईल." आणखी एकजण म्हणाला, "आता तर एआयला सांगितलं की दहा सेकंदांत मिळतं."

मी हसलो नाही. कारण नेमकं हेच फंक्शन मला एकदा फार महाग पडलंय. म्हणजे महाग मला पडलं असं म्हणणंसुद्धा खोटंच. किंमत दुसऱ्याच माणसाने मोजली.

आधी कपाटाबद्दल. बहुतेक कंपन्यांत एक सामायिक रिपॉझिटरी असते. तिचं नाव 'कॉमन', 'शेअर्ड' किंवा 'युटिल्स' असलं काहीतरी असतं. कल्पना अशी की एकाने लिहिलेला कामाचा तुकडा तिथे ठेवायचा, म्हणजे बाकीच्यांना तो पुन्हा लिहावा लागणार नाही. ही कल्पना नवी मुळीच नाही. १९६८ साली जर्मनीत गार्मिश इथे नाटोने सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगवर परिषद भरवली होती. तिथे डग्लस मॅकिलरॉय ह्यांनी मांडलं होतं की कारखान्यात तयार सुटे भाग मिळतात तसे सॉफ्टवेअरचेही तयार भाग मिळायला हवेत. आज इंटरनेटवर असे लाखो भाग फुकट मिळतात. म्हणजे बाहेरच्या जगात स्वप्न बऱ्यापैकी खरं झालंय. घरातलं कपाट मात्र अजून तसंच आहे: उघडलं की अंगावर सामान पडतं.

आता तो प्रकार सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका पतसंस्थेचं काम करत होतो. संस्था माझ्याच जिल्ह्यातली, म्हणजे वाशिमकडची. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. जुन्या कर्जांच्या आणि हप्त्यांच्या नोंदी नव्या सिस्टिममध्ये आणायच्या होत्या. जुन्या पावत्यांवर सभासद क्रमांक नव्हते, त्यामुळे नाव आणि गाव जुळवून कुठली पावती कुणाची ते ठरवायचं होतं. नावं जुळवणारं फंक्शन आमच्या सामायिक कपाटात होतंच. पण मला त्यात छोटासा बदल हवा होता, नावापुढचं 'श्री' आणि 'सौ' सोडून द्यायचं होतं. ज्याने ते लिहिलं तो कंपनी सोडून गेलेला. परवानगी कुणाला मागायची तेच माहीत नाही. बदल केला तर आणखी कुणाचं काय मोडेल तेही माहीत नाही. शुक्रवारची संध्याकाळ. मी सरळ ते फंक्शन उचललं, आमच्या मॉड्यूलमध्ये चिकटवलं, दोन ओळी बदलल्या आणि घरी गेलो.

पुढे वर्षभराने दुसऱ्या टीममधल्या एका मुलीने कपाटातल्या मूळ फंक्शनात एक दुरुस्ती केली. तिला सापडलेला दोष मराठी माणसालाच सापडावा असा होता. 'कुऱ्हाड' हा शब्द घ्या. त्यातला ऱ्ह युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ (हे युनिकोडमधलं स्वतंत्र अक्षर आहे), मग हलन्त, मग ह. दुसरा म्हणजे साधा र, हलन्त, त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह, ज्याला झीरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग ह. स्क्रीनवर दोन्ही अगदी सारखे दिसतात. कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते दोन वेगळे शब्द. युनिकोडची जी नेहमीची प्रमाणीकरणाची रीत आहे तीही ह्या दोघांना एक करत नाही. बरं, न दिसणारं चिन्ह कचरा समजून काढून टाकलं तर 'कुर्हाड' होतं, म्हणजे र उडी मारून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो. म्हणून तिने आधी दुसरी तऱ्हा पहिलीत बदलून घेतली, मगच तुलना केली. शिवाय वऱ्हाड, तऱ्हा, दऱ्या, सुऱ्या असे शब्द घेऊन टेस्टही लिहून ठेवल्या. नीट केलेलं, शहाणं काम.

फक्त ते माझ्या नकलेत आलं नाही. येणार कसं? मी नक्कल केली आहे हे कुणाला ठाऊकच नव्हतं. खरं सांगायचं तर तोवर मलाही आठवत नव्हतं.

जुन्या नोंदी आल्या होत्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून, त्यामुळे त्यात एक तऱ्हा. नव्या नोंदी टाईप केलेल्या, त्यात दुसरी. एका सभासदाच्या आडनावात हाच ऱ्ह होता. त्याच्या पावत्या त्याच्या कर्जाशी जुळल्याच नाहीत. त्या 'न जुळलेल्या' यादीत जाऊन पडल्या आणि ती यादी कुणी उघडून पाहिली नाही. सिस्टिमने शहाण्यासारखं त्याला थकबाकीदार ठरवलं आणि नोटीस छापली. नोटीस त्याच्या घरी गेली, जामीनदाराच्या घरीही गेली.

पुढचं मला संस्थेच्या सचिवांनी फोनवर सांगितलं. तो माणूस प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्या पावत्या घेऊन आला, एकेक करून टेबलावर मांडल्या आणि म्हणाला, "म्या तं समदे हप्ते भरले ना भाऊ. मंग माह्या जामीनदाराच्या घरी कायले कागद धाडला? आता त्यायले काय तोंड दाखवू म्या?"

पैशाची चूक दहा मिनिटांत दुरुस्त झाली. संस्थेने दिलगिरीचं पत्रही दिलं. पण गावात एकदा थकबाकीदार म्हणून नाव फिरलं की ते पत्र दारोदार दाखवत हिंडता येत नाही. आमच्या नोंदवहीत ह्या सगळ्या प्रकाराला एक क्रमांक होता आणि पुढे लिहिलं होतं: 'कमी गंभीर'. असो.

तेव्हापासून मी हा प्रश्न चघळतोय की चूक नेमकी कुठे झाली. नक्कल करण्यात? मला तसं वाटत नाही. आणि इथे मी बऱ्याच पुस्तकी मंडळींशी सहमत नाही. 'एकच गोष्ट दोनदा लिहू नका' हे सूत्र आपण इतकं घोकलंय की त्याचीही अंधश्रद्धा झाली आहे. पुनर्वापरसुद्धा घातक ठरू शकतो. ४ जून १९९६ ला युरोपचं आरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात, साधारण ३७ सेकंदांनी भरकटलं आणि फुटलं. कारण काय, तर दिशादर्शक यंत्रणेतला कोड आरियान-४ वरून जसाच्या तसा घेतलेला. नव्या रॉकेटचा वेग जास्त, त्यामुळे एक मोठी संख्या १६ बिटांच्या जागेत मावली नाही. गंमत (गंमत कसली!) म्हणजे त्या गणिताची उड्डाणानंतर आरियान-५ ला गरजच नव्हती. जुन्या घरात चालणारी वस्तू नव्या घरात चालेलच असं नाही, आणि ती कुठवर चालते हे तिच्यावर लिहिलेलं नसेल तर ती शेजाऱ्याला देऊ नये.

उलट टोकही पाहा. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने वादातून आपली पॅकेजेस एनपीएमवरून काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' नावाचा अवघ्या ११ ओळींचा तुकडा होता. शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरणं एवढंच त्याचं काम. पण तो गेल्याबरोबर जगभरातले कितीतरी प्रोजेक्ट बिल्ड होईनात. एनपीएमला तो काही तासांत परत आणून ठेवावा लागला. मीठ संपलं म्हणून शेजारी जाणं ठीक आहे, पण रोज पाण्याचा ग्लासही शेजाऱ्याकडून आणायचा का?

म्हणून माझं मत असं: नक्कल हे पाप नाही, निनावी नक्कल हे पाप आहे. मी कुठून घेतलं, कधी घेतलं, काय बदललं ह्या तीन ओळी लिहून ठेवल्या असत्या आणि कपाटातल्या फंक्शनापाशी 'एक नक्कल तिकडे आहे' एवढी नोंद केली असती, तर त्या मुलीची दुरुस्ती माझ्यापर्यंत पोचली असती. तो माणूस पिशवी घेऊन आला नसता.

हे मला ऑफिसातल्या ट्रेनिंगमध्ये उमगलं नाही, कारंज्यात उमगलं. वाशिम जिल्ह्यातलं कारंजा लाड बहुतेकांना नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून ठाऊक असतं. पण तिथल्या जुन्या दिगंबर जैन मंदिरांत हस्तलिखितांची भांडारंही आहेत. शतकानुशतकं जमा झालेली संस्कृत, प्राकृत आणि अपभ्रंश पोथ्यांची सामायिक कपाटंच ती. पोथ्या तिथे होत्याच, पण बाहेरच्या अभ्यासकांना त्या नसल्यासारख्या होत्या. १९२६ मध्ये नागपूरहून रायबहादूर हिरालाल ह्यांची मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या हस्तलिखितांची सूची छापून निघाली, तीत कारंज्याच्या पोथ्यांची नोंद आली आणि चित्र पालटलं. १९३१ मध्ये प. ल. वैद्यांनी संपादित केलेलं पुष्पदंताचं 'जसहरचरिउ' कारंजा ग्रंथमालेत आलं. १९३३ मध्ये अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातले प्राध्यापक हिरालाल जैन (हे दुसरे हिरालाल, गोंधळ नको) ह्यांनी 'णायकुमारचरिउ' काढलं, १९३४ मध्ये 'करकंडचरिउ'. दहाव्या शतकातला पुष्पदंत हजार वर्षांनी छापील पुस्तकातून वाचकाच्या हाती आला.

ह्या गोष्टीतला माझ्या कामाचा भाग म्हणजे सूची. कपाटात वस्तू असणं वेगळं आणि ती मिळणं वेगळं. आमच्या टीमने नव्या पोराला "शोधू नकोस, लिहून टाक" म्हटलं तेव्हा ती आळशी माणसांची टीम नव्हती. सूची नसलेल्या भांडारात वागावं तसंच ते वागत होते.

दुसरा भाग म्हणजे पुष्पिका. जुन्या पोथीच्या शेवटी बरेचदा चार ओळी असतात: ही प्रत कुणी लिहिली, कुठे, कुठल्या तिथीला, कुणासाठी. कधी कधी लेखक हात जोडून हेही सांगतो की समोर जसं दिसलं तसं उतरवलं, चूक असल्यास दोष माझा नाही. (आपल्या ओपन सोर्स लायसन्समध्ये 'जसं आहे तसं, हमी नाही' असं ठणकावून लिहिलेलं असतं, ते ह्याचंच भावंडं.) नकलाकारही चुका करतच होता, अक्षरं गाळत होता, ओळी खालीवर करत होता. पण प्रत कुठली आणि कधीची हे कळत असल्यामुळे संपादकाला चार प्रती समोर ठेवून तपासायला आधार मिळतो. आपण कमिट मेसेजमध्ये काय लिहितो? 'फिक्स'. फार तर 'फिक्स २'. दिवा, दौत आणि बोरू घेऊन बसलेला माणूस आपल्यापेक्षा जास्त शिस्तीचा होता, म्हणजे बघा.

आणि वाशिमचाच अजून एक दाखला. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथला राजा सर्वसेन ह्याने प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. मोठमोठ्या काव्यशास्त्रकारांनी त्याचे दाखले दिले. पण मूळ काव्य आज उपलब्ध नाही. ते उरलंय फक्त दुसऱ्यांनी दिलेल्या उताऱ्यांत. आमच्याकडेही अशी एक फाईल आहे. चार प्रोजेक्ट ती वापरतात, तिचा सोर्स कोड मात्र कुणाकडेच नाही. ती बंद पडेल त्या दिवशी काय करायचं ह्याचं उत्तर कोणत्याही मॅनेजरकडे नाही. काव्य हरवलं तर निदान रसिक हळहळतात. इथे तेही नाही.

मग करायचं काय? मी काही मोठा आर्किटेक्ट नाही. पण पिशवीवाल्या माणसानंतर मी चार गोष्टींचा हट्ट धरतो.

पहिली: कपाटातल्या प्रत्येक वस्तूला एक जिवंत मालक हवा. 'प्लॅटफॉर्म टीम' असं गुळमुळीत नाव चालणार नाही, विचारलं तर उत्तर देईल असा माणूस हवा. तो कंपनी सोडताना जसा लॅपटॉप परत देतो तशी ही मालकीही कुणाच्या तरी हातात द्यायची. आमच्या गावी देवळात लग्नकार्याची सामायिक भांडी असायची, घागरी, परात्या, मोठी पातेली. भांड्यावर देणाऱ्याचं नाव कोरलेलं, आणि एक आजोबा वही घेऊन बसायचे. नेताना मोजून न्यायची, आणताना मोजून द्यायची. पोचा आला तर तो कुणाच्या लग्नात आला हे आजोबांना ठाऊक असायचं. आजोबा गेले आणि तीनेक वर्षांत भांडीही गेली. कुणी चोरली नाहीत. फक्त विचारणारं कुणी उरलं नाही.

दुसरी: वस्तू काय करते ह्यासोबत काय करत नाही हेही लिहायचं. 'हे फंक्शन ऱ्ह च्या दोन तऱ्हा ओळखत नाही' एवढी एक ओळ मूळ फंक्शनावर असती तरी मी थबकलो असतो.

तिसरी: कपाटात काय ठेवायचं ते ठरवायचं, आणि नको ते काढून टाकायचं. माझी कसोटी साधी आहे. एखादी गोष्ट दोन ठिकाणी वेगळी वागली तर माणसाचं नुकसान होईल का? होणार असेल तर ती एकाच जागी हवी: नाव जुळवणं, व्याजाचं गणित, तारखांचा हिशेब. नसेल तर घ्या खुशाल उतरवून, रिकाम्या जागा भरायला कपाट कशाला? काढून टाकतानाही एका रात्रीत नाही. आधी सांगायचं, दुसरा रस्ता दाखवायचा, मुदत द्यायची. आवृत्तीचा क्रमांकही इमानदारीने वाढवायचा. वापरणाऱ्याचं काम मोडेल असा बदल असेल तर पहिला आकडा वाढलाच पाहिजे, शेवटचा वाढवून गुपचूप सटकायचं नाही.

चौथी, आणि हीच खरी: ह्या कामाला वेळ आणि मान दोन्ही हवेत. ज्या मुलीने ऱ्ह ची दुरुस्ती केली तिच्या अप्रेझलमध्ये त्याचा उल्लेखही नव्हता. नवीन फीचर करणाऱ्याला टाळ्या, कपाट आवरणाऱ्याला 'तू ह्या तिमाहीत काय केलंस?' असा प्रश्न. हे फक्त आमच्याकडचं नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या एका साध्या कॉम्प्रेशन लायब्ररीत कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा घुसवल्याचं उघड झालं. ती लायब्ररी वर्षानुवर्षं जवळपास एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता. तो थकला होता, मदतीला आलेल्या हातावर त्याने विश्वास ठेवला आणि तोच हात घात करणारा निघाला. सापडलं कसं, तर अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं वाटलं आणि तो खोदत गेला. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-४-जे मधला दोष बाहेर आला तेव्हा तर भल्याभल्या कंपन्यांचे पहिले दिवस 'आपण हे नेमकं कुठे कुठे वापरतो?' हे शोधण्यातच गेले. पुन्हा सूचीच.

आता राहिला एआयचा मुद्दा. दहा सेकंदांत फंक्शन मिळतं हे खरंच आहे, मीही घेतो. पण लिहिण्याचा खर्च मुळात कधी मोठा नव्हताच. मोठा खर्च असतो तो एकच चूक दहा जागी शोधून काढण्याचा. पूर्वी आळसामुळे तरी माणूस दहा नकला करायचा नाही. आता तोही आडकाठी उरला नाही! म्हणजे कपाट नीट ठेवण्याची गरज आज जास्त आहे.

तर त्या दिवशी स्टँडअप संपल्यावर मी त्या पोराला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "विचारलंस ते बरोबर विचारलंस." मग दोघांनी बसून शोधलं. नाव जुळवणारी फंक्शनं आम्हाला पाच सापडली. त्यातल्या तिघांत ऱ्ह ची दुरुस्ती नव्हती. दुपारभर खपून पाचाचं एक केलं, टेस्टमध्ये त्या सभासदाच्या आडनावातली अक्षरं दोन्ही तऱ्हांनी घातली, आणि मालकाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. त्या दिवशीचं माझं ठरलेलं काम झालं नाही. मॅनेजरने विचारलं, "काय केलंस आज?" मी म्हटलं, "कपाट आवरलं." तो काही बोलला नाही. अप्रेझलला कळेलच.

पोराने कमिट मेसेज लिहिताना विचारलं, "सर, इथे 'फिक्स' लिहू?" म्हटलं नको. कुठून घेतलं, काय बदललं, कशासाठी बदललं, सगळं लिही. तारीख मशीन टाकेल, बाकीची पुष्पिका आपणच लिहायची असते.